सिमेंटची मेघडंबरी

राजाने स्वतःची समाधी हयातीतच बांधून घ्यायची, ही व्हिएतनामच्या न्गुयेन घराण्यातली रीत होती. जागा निवडायची, डोंगर आणि पाण्याच्या दिशा जाणकारांकडून पारखून घ्यायच्या, काम सुरू करायचे आणि मग अधूनमधून स्वतःच्या भावी मुक्कामाची पाहणी करायची. तू दुक या राजाने तर आपल्या समाधीच्या आवारात तळे खोदवले, काठावर मंडप उभारला आणि तिथे बसून कविता केल्या. मरण्याआधी कितीतरी वर्षे ती जागा त्याचा विश्रामवाडाच होती. १८०२ ते १९४५ या काळात या घराण्याचे तेरा राजे मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे या राजधानीत गादीवर बसले. शहराभोवतीच्या डोंगरांत समाधी-संकुले मात्र सातच आहेत. उरलेल्यांपैकी कुणी चार महिन्यांत मारला गेला, कुणाला फ्रेंचांनी समुद्रापार धाडले.

या सातांतली शेवटची समाधी बाराव्या राजाची, खाई दिन्हची. शहरापासून सुमारे १० किलोमीटरवर, चाउ चू नावाच्या डोंगराच्या उतारावर ती आहे. ४ सप्टेंबर १९२० रोजी काम सुरू झाले आणि १९३१ मध्ये संपले. हा काळ आधीच्या राजांच्या समाध्यांशी ताडून पाहिला तर चमत्कारिक वाटतो. तू दुकचे संकुल सुमारे १२ हेक्टरांचे. तळे, बेट, बाग, वाडे, सगळे त्यात आहे, आणि तरीही मुख्य काम १८६४ ते १८६७ एवढ्यात उरकले होते. खाई दिन्हच्या समाधीची जागा ११७ मीटर लांब आणि ४८.५ मीटर रुंद, म्हणजे अर्ध्या हेक्टराहून जरा अधिक. तळे नाही, बाग नाही, सावलीची झाडेही फारशी नाहीत. विसाव्या हिश्शाच्या जागेला जवळजवळ चौपट वेळ लागला. तो कुठे खर्ची पडला, हे अगदी वरच्या दालनात शिरेपर्यंत कळत नाही.

या इमारतीबद्दल दोन तट आहेत. काहींना ती ह्वेमधली सर्वांत विलक्षण वास्तू वाटते. काही जण तिला राजाच्या हौसेने बिघडवलेला काला म्हणून नाक मुरडतात. चिनी-व्हिएतनामी मांडणी, बौद्ध स्तूपांसारखे खांब, भारतीय वळणाची प्रवेशद्वारे, रोमन धाटणीच्या कमानी, ख्रिस्ती क्रॉसची आठवण देणारे कठडे, आणि हे सगळे सळ्या घालून केलेल्या सिमेंट-काँक्रीटमध्ये. वर्णन ऐकून दुसऱ्या तटात सामील व्हावेसे वाटते. मला स्वतःला मात्र तिचे मोल निराळ्याच ठिकाणी दिसते. हाती काहीच सत्ता न उरलेला राजा काय करू शकतो, याचा इतका बोलका दस्तऐवज दगडाचुन्यात क्वचितच सापडेल. सत्ता आटत गेली तशी नक्षी दाट होत गेली.

ती सत्ता कशी आटली ते थोडक्यात पाहायला हवे, नाहीतर समाधी नुसतीच नवलाई होऊन बसेल. १८८४ च्या तहाने ह्वेचे राज्य फ्रान्सचे संरक्षित राज्य ठरले. फौज, परराष्ट्र व्यवहार आणि पुढे तिजोरीसुद्धा फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाती गेली. १८८५ मध्ये हाम न्गी हा अल्पवयीन राजा राजवाडा सोडून डोंगरात गेला आणि त्याच्या नावाने उठाव झाला, तेव्हा फ्रेंचांनी दाँग खान्ह याला गादीवर बसवले. त्याच वर्षी दाँग खान्हला मुलगा झाला. तोच पुढचा खाई दिन्ह. हाम न्गी पकडला गेला आणि अल्जिरियात त्याचे उरलेले आयुष्य गेले. पुढे थान्ह थाई या राजाला १९०७ मध्ये पदच्युत केले. त्याचा मुलगा दुई तान १९१६ मध्ये, वय वर्षे अवघे पंधरा, उठावाच्या कटात सामील झाला आणि पकडला गेला. बापलेकांना हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर धाडण्यात आले. या रिकाम्या गादीवर मे १९१६ मध्ये खाई दिन्ह बसला. त्याच्या कारकिर्दीत त्याच घराण्याचे तीन माजी राजे परमुलखात हद्दपारी भोगत होते. बंड केले तर काय होते, याचे धडे त्याला दूर शोधायला जायचे नव्हते.

त्याने बंड केले नाही, बांधकाम केले. ह्वेमध्ये आन दिन्ह हा युरोपीय थाटाचा वाडा त्याने उभारला. राजनगरात, पूर्वजांच्या लाकडी महालांच्या ओळीत, कियेन त्रुंग हा नवा राजवाडा १९२१ ते १९२३ या काळात बांधला. १९२३ मध्ये त्याच्याच नावाने वस्तुसंग्रहालय निघाले. चिनी अभ्यासावर बेतलेली सनदी परीक्षा, जिच्यावर शतकानुशतके व्हिएतनामचा अधिकारीवर्ग पोसला गेला होता, ती त्याच्याच अमदानीत १९१९ मध्ये शेवटची झाली. कपड्यांचा त्याला भारी शौक. स्वतःचे पोशाख तो स्वतःच योजायचा, आणि दरबारी रिवाजात न बसणारे अलंकार व पाश्चात्त्य बिल्ले त्यावर मिरवायचा. १९२२ मध्ये मार्सेयच्या वसाहती प्रदर्शनासाठी तो फ्रान्सला गेला. गादीवर असताना युरोपात गेलेला हा व्हिएतनामचा पहिला राजा.

समाधीचे लोखंड, पोलाद, सिमेंट आणि छपराची स्लेट, म्हणजे आपल्या जुन्या शाळकरी पाटीचा दगड, फ्रान्सहून मागवली गेली. चिनी मातीची भांडी आणि रंगीत काच चीन-जपानहून आली. एवढे जहाजांतून आणायचे तर पैसा लागणार. राजाने फ्रेंच सरकारची परवानगी काढून देशभराच्या शेतसाऱ्यात ३० टक्के वाढ केली. ह्वेचे मार्गदर्शक ही गोष्ट प्रत्येक पर्यटकाला सांगतात, आणि सांगायलाच हवी. त्या परवानगीतली एक बारीक गंमतही लक्षात घ्यावी: स्वतःच्या रयतेवर कर बसवायला राजाला दुसऱ्याची संमती लागत होती.

जागेची निवड मात्र पूर्ण जुन्या शास्त्राने झाली. फेंगशुई नावाने आज आपल्याकडे दुकानांतून कासवे आणि बांबूची रोपे विकली जातात. ह्वेच्या राजांसाठी ते राज्यकारभाराइतकेच गंभीर काम होते. समाधीसमोर पडद्यासारखी टेकडी हवी, डावीकडे निळा नाग म्हणजे ड्रॅगन आणि उजवीकडे पांढरा वाघ मानावा असे डोंगर हवेत, पुढून पाणी वाहायला हवे. चाउ चूच्या उतारावर हे सारे जुळत होते. समोरून चाउ ए नावाचा ओढा जातो. राजाने डोंगराचे नाव बदलून उंग सन ठेवले आणि समाधीला नाव दिले उंग लांग. बाकीच्या राजांनी सपाटीवर तळी-बागा मांडून निसर्ग आवारात आणला होता. खाई दिन्हने आवार कोरडे ठेवले आणि आजूबाजूच्या डोंगरांनाच बाग समजून टाकले. सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहून मागे वळून पाहिले की ही निवड किती नेमकी होती ते पटते. सगळी हिरवाई बाहेर आहे आणि पायाखाली फक्त करडे-काळे सिमेंट.

एकूण पायऱ्या १२७. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी घाई करू नये. वाटेत थांबायला निमित्तेही भरपूर आहेत. पहिल्याच जिन्याच्या ३७ पायऱ्यांना ड्रॅगनचे कठडे आहेत. हे ड्रॅगन ह्वेमधल्या सर्वांत मोठ्या ड्रॅगनांत मोडतात. अंगाला वळसे घालत ते पायऱ्यांवरून खाली उतरतात आणि येणाऱ्याच्या समोर तोंड वासून थांबतात. प्रवेशद्वाराचे खांब मनोऱ्यासारखे चढत जातात. अभ्यासक त्यात भारतीय वास्तुकलेची छाया पाहतात. भारतीय वाचकाला इथे एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. ह्वेच्या आसपासचा मुलूख १३०६ पर्यंत चंपा राज्याचा होता. एका व्हिएतनामी राजकन्येच्या विवाहात चंपाच्या राजाने तो सासरवाडीला देऊन टाकला. चंपाचे राजे संस्कृत शिलालेख कोरत आणि शिवाची पूजा करत. दक्षिणेला मी सन येथे त्यांची विटांची देवळे आजही उभी आहेत, आणि भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथे काम करताना २०२० मध्ये नवव्या शतकातले अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. खाई दिन्हच्या कारागिरांपुढे नमुना म्हणून काय होते ते काहीही असो, त्या मातीला भारतीय वळण परके नव्हते.

आणखी २९ पायऱ्या चढल्या की मुजऱ्याचे पटांगण लागते. मंत्री, सेनापती, हत्ती, घोडे यांचे पुतळे दुतर्फा उभे असतात ही या घराण्याच्या समाध्यांची परंपरा. मेलेल्या राजाचा दरबार भरलेला असावा, एवढीच त्यामागची कल्पना. खाई दिन्हने त्यात भर घातली ती अंगरक्षक शिपायांची. हे शिपाई आधीच्या कुणाच्या समाधीत नाहीत. ज्याच्याकडे स्वतःचे सैन्य नव्हते त्याने दगडाचे उभे करून घेतले, हा अर्थ बांधणाऱ्यांच्या मनात असेलच असे नाही. पण तिथे उभे राहिल्यावर तो टाळता येत नाही.

पटांगणाच्या मध्यभागी शिलालेखाचा अष्टकोनी मंडप आणि त्याच्या दोन बाजूंना दोन उंच स्तंभ. समाधीतले आशिया-युरोपाचे मिश्रण समजून घ्यायला ही सर्वांत सोयीची जागा. मंडपाचे कोन आठ, कारण पूर्वेकडे आठ दिशांना अर्थ आहे. खांबांना आणि कमानींना रोमन वळण आहे, पण ते रोमन म्हणून जसेच्या तसे नाही. गवंड्याने पाठ केलेला धडा स्वतःच्या भाषेत म्हणून दाखवावा तसे. छपराच्या कोपऱ्यांवर पुन्हा ड्रॅगन. स्तंभ बौद्ध स्तूपांच्या घाटाचे. भोवतालच्या कठड्यांच्या सळ्या बारीक क्रॉसच्या आकाराच्या. आतल्या शिळेवर दिवंगत राजाचा गौरवलेख आहे. हा लेख मुलाने बापासाठी लिहायचा असा प्रघात. तू दुकला मूल नव्हते, म्हणून त्या बिचाऱ्याला स्वतःचा मृत्युलेख स्वतःच लिहावा लागला होता, आणि त्यात त्याने आपल्या चुकांचीही नोंद केली.

इथवरची सगळी वास्तू काळवंडलेली आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की हा मुद्दाम निवडलेला काळा दगड असावा. तसे नाही. ह्वेमध्ये पावसाचा मुख्य हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर; वर्षाकाठी इतका पाऊस पडतो की आपल्याकडच्या कोकणाची आठवण यावी. सिमेंट सच्छिद्र असते, ओल धरते, ओलीवर शेवाळ धरते आणि शेवाळ वाळून काळे पडते. कोकणातल्या घरांच्या सिमेंटच्या गच्च्या दोन-चार पावसाळ्यांत जशा दिसू लागतात तशी ही समाधी दिसते. गंमत अशी की या काळेपणाने तिचा फायदाच झाला. नवी कोरी असताना ती बहुधा फार भडक दिसली असती. आता तिला न कमावलेले वय आले आहे.

सर्वांत वरच्या टप्प्यावर थिएन दिन्ह महाल आहे. बाहेरून तोही काळपट, आणि आत पाऊल टाकताच डोळ्यांना क्षणभर काही सुचत नाही. मुख्य दालनांच्या भिंतींवर कुठे मोकळी जागाच नाही. जमिनीपासून छतापर्यंत चिनी मातीचे आणि काचेचे तुकडे जडवून चित्रे केली आहेत. चार ऋतूंची झाडे-फुले, पक्षी, दीर्घायुष्याची अक्षरे, सुखाची चिन्हे, ड्रॅगन, ढग, फुलदाण्या, फळांच्या परड्या. हा सगळा पारंपरिक ऐवज. पण नजर सरावली की त्यात भलत्याच वस्तू दिसू लागतात: चहाची तबके, मुकुट, गजराचे घड्याळ, रॉकेलचा दिवा, टेनिसची रॅकेट. राजाच्या परलोकातल्या सोयीसाठी पूर्वजांनी ज्या दर्जाच्या वस्तू कोरवल्या त्याच दर्जाने १९२० च्या दशकातल्या आधुनिक वस्तू इथे बसवल्या आहेत. कारागिरांना त्यात काही विसंगत वाटलेले दिसत नाही. घड्याळही तितक्याच जीव ओतून केले आहे जितके कमळ.

या कामाची कृती समजल्याशिवाय त्याचा दर्जा कळत नाही. फुटक्या भांड्यांचे तुकडे जडवण्याची कला ह्वेला खाई दिन्हने दिली नाही. तिथल्या देवळांच्या आणि महालांच्या छपरांवर, उंचवट्यांवर, ड्रॅगनच्या अंगावर ती आधीपासून होती. चुन्याच्या लगद्यात गुळासारखी काकवी आणि कागदाचा लगदा मिसळून चिवट गिलावा करत. तो ओला असतानाच त्यात तुकडे दाबून बसवत. तुकडा नुसता रंगासाठी निवडला जात नाही. वाडग्याच्या पोटाचा तुकडा बाकदार असतो, तो पाकळीला किंवा ड्रॅगनच्या खवल्याला लागतो. बशीचा तळ सपाट, तो पार्श्वभूमीला. काठावरची निळी रेघ नेमकी फांदीच्या कडेला येईल असा तुकडा पकडीने कुरतडून काढायचा. म्हणजे चित्रकाराने रंग कालवायचे नाहीत, जगभरच्या भांड्यांत तो रंग कुठे आहे ते शोधायचे. काचेसाठी बाटल्याही फोडल्या गेल्या. भट्टीत पक्का झालेला झिलईचा रंग उन्हापावसाने उतरत नाही, आणि इथे तर तो छपराखाली आहे. शंभरीकडे आलेले हे काम त्यामुळेच काल संपवल्यासारखे टवटवीत आहे. बाहेरचे सिमेंट आणि आतली झिलई यांचे वय एकच, हे सांगूनही खरे वाटत नाही.

या कामावर देखरेख ले वान बा या लष्करी अधिकाऱ्याची होती. कारागिरांपैकी ज्याचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते तो फान वान तान्ह. छतांवर ढगांत दडलेल्या नऊ ड्रॅगनांची जी विशाल चित्रे आहेत ती त्याची. ड्रॅगन पूर्ण कुठेच दिसत नाही. ढगांतून कुठे पंजा निघतो, कुठे डोळा, कुठे शेपटीचा वेढा. तान्हबद्दल ह्वेत एक आख्यायिका सांगतात: मचाणावर चढून त्याने ही चित्रे पायांच्या बोटांत कुंचला धरून काढली. राजा पाहणीला आला, डोक्यावर पाय नाचवणारा चितारी पाहून संतापला, आणि वर नजर गेल्यावर राग गिळून परत गेला. दंतकथाच आहे, पण ती टिकून राहण्याचे कारण समजते. छत काळजीपूर्वक पाहिले की रेषांचा मोकळा झपाटा मनगटाचा वाटत नाही.

मधल्या दालनात, राजाच्या डोक्यावर, या समाधीतली सर्वांत धाडसी गोष्ट आहे. रायगडावरची मेघडंबरी पाहिलेल्याला तिच्यासाठी दुसरा शब्द सुचणार नाही. सिंहासनावरचे छत्र, चारी बाजूंनी झालर, झालरीच्या कडा वाऱ्याने किंचित उचलल्यासारख्या, कापडाचे लोंबणारे वळसे. रेशमी वाटावे असे हे छत्र सळ्या घातलेल्या काँक्रीटचे आहे आणि त्याचे वजन सुमारे एक टन. त्यावर तुकड्यांची तीच जडावाची नक्षी. काँक्रीट हे त्या काळात बंदर, पूल आणि कारखाने बांधण्याचे सामान होते. सळ्यांमुळे ते ताण सोसते, म्हणून कमी जाडीतही टिकते. ह्वेच्या गवंड्यांनी त्याचा हा गुण ओळखला आणि ज्या गोष्टीचे त्यांच्या परंपरेत कापडाशिवाय दुसरे रूप नव्हते ती काँक्रीटमध्ये ओतली. युरोपातून आलेल्या सामानाचा युरोपातही फारसा कुणी केला नसेल असा हा वापर. समाधीत पाश्चात्त्य काय आणि पौर्वात्य काय, याचे तक्ते करत बसणाऱ्यांनी या छत्राखाली थोडा वेळ उभे राहावे. इथे दोन्हींचा सांधा दिसत नाही. खालच्या मंडपात तो दिसतो.

छत्राखाली राजा बसला आहे. हा सोनेरी मुलाम्याचा कांस्यपुतळा माणसाएवढा आहे आणि तो फ्रान्समध्ये घडला: शिल्पकार पॉल द्युकुइंग, ओतकाम पॅरिसच्या बार्बेदियन ओतशाळेचे. चेहरा तरुण, पोशाख पूर्ण दरबारी, नजर समोर. आधीच्या राजांच्या समाध्यांत राजाचा पुतळा नसतो; पूजा होते ती राजाच्या नावाच्या पाटीची, आणि कलेवर नेमके कुठे पुरले ते गुप्त ठेवण्याकडे कल असायचा. ही सावधगिरी खाई दिन्हने सोडून दिली. त्याचे शव पुतळ्याच्या सरळ खाली, ९ मीटर खोल आहे. शिलालेखाच्या मंडपामागून सुरू होणाऱ्या सुमारे ३० मीटरांच्या भुयारातून ते तिथे नेले गेले. पुतळ्यामागच्या भिंतीवर मावळतीचा सूर्य जडवला आहे: राजा गेला, सूर्य बुडाला. त्याच्याही मागे सर्वांत आत देव्हारा, तिथे पूजेची पाटी आहेच. म्हणजे जुना विधी मोडलेला नाही, त्याच्या पुढ्यात पॅरिसचा पुतळा आणून बसवला आहे.

खाई दिन्ह ६ नोव्हेंबर १९२५ रोजी, चाळिशी ओलांडता ओलांडता गेला. समाधी अर्धवट होती. मुलगा बाओ दाई बारा वर्षांचा, फ्रान्समध्ये शिकत असलेला. जानेवारी १९२६ मध्ये तो गादीवर बसला आणि पुन्हा शिक्षणासाठी फ्रान्सला परतला. १९३१ मध्ये काम पूर्ण झाले तेव्हाही तो तिकडेच होता. १९४५ च्या ऑगस्टमध्ये त्याने सिंहासन सोडले आणि घराणे संपले. त्याची समाधी ह्वेत नाही, पॅरिसमध्ये आहे.

त्या काळच्या देशभक्तांनी खाई दिन्हला अजिबात माफ केले नाही. मार्सेयच्या प्रदर्शनाला तो निघाला तेव्हा फान चाउ त्रिन्ह हे ज्येष्ठ सुधारक फ्रान्समध्येच होते. त्यांनी राजाला जाहीर पत्र लिहून सात आरोप ठेवले. त्यांत उधळपट्टी होती आणि रिवाज सोडून केलेला पोशाखसुद्धा होता. पॅरिसमध्ये राहणाऱ्या आणखी एका व्हिएतनामी तरुणाने या राजावर ‘बांबूचा ड्रॅगन’ नावाचे उपहासनाट्य लिहिले. तो तरुण तेव्हा न्गुयेन आय क्वोक हे नाव लावत असे. जगाला तो पुढे हो ची मिन्ह म्हणून कळला. खाई दिन्हच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, मार्च १९२६ मध्ये, फान चाउ त्रिन्ह सायगॉनमध्ये वारले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेला जनसागर हा व्हिएतनामच्या राष्ट्रीय चळवळीतला एक टप्पा मानला जातो.

हे आरोप खरे असूनही इमारतीबद्दलचा निकाल त्यांनी आपोआप लागत नाही. त्याच सुमारास मुंबईत अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडियाचे काम चालले होते. १९२४ मध्ये ते खुले झाले. तिथे राज्यकर्त्या इंग्रजांनी विजापूर-गुजरातच्या कमानी-जाळ्यांचे कपडे चढवले होते, आपले राज्य या मातीत मुरले आहे असे दाखवायला. ह्वेत उलटे घडले. इथे राज्य गमावलेल्याने राज्यकर्त्याच्या देशाचे सामान, घाट आणि शिल्पकार वापरले. पहिल्याला आपण शैली म्हणून अभ्यासतो आणि दुसऱ्याला नक्कल म्हणून हसतो, हे मला न्यायाचे वाटत नाही. खाई दिन्हच्या समाधीत युरोप जिथे नुसता दागिन्यासारखा लटकवला आहे तिथे ती फसते, आणि जिथे कारागिरांनी तो पचवला तिथे ती अपूर्व होते. श्रेय कुणाचे म्हणाल तर राजापेक्षा कारागिरांचे अधिक. आणि खर्च शेतसारा भरणाऱ्यांचा.

ह्वेला जाणाऱ्याने ही समाधी पहिल्या दिवशी पाहू नये, असा माझा सल्ला. आधी नदीपलीकडची, मिन्ह मांग या राजाची समाधी पाहावी. १८४० ते १८४३ या काळात बांधलेली, एका सरळ रेषेत मांडलेली, पाण्याने आणि झाडांनी शांत केलेली. मग तू दुकची बाग. एवढे पाहून खाई दिन्हकडे आले की त्याने परंपरेतले काय ठेवले, काय टाकले, काय ताणले ते आपोआप दिसते. सकाळी लवकर गेलेले चांगले, कारण पटांगणात सावली नाही आणि वरच्या दालनात गर्दी झाली की भिंतीजवळ उभे राहून तुकडे निरखता येत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ह्वेत पूरही येतात. त्या दिवसांत न गेलेले बरे. शहराच्या जवळच दुक दुक या राजाच्या समाधीचे आवार आहे. तिकडे फारसे पर्यटक फिरकत नाहीत. हद्दपार झालेले थान्ह थाई आणि दुई तान तिथे साध्या थडग्यांत आहेत. दुई तान दुसरे महायुद्ध संपल्यावर लवकरच आफ्रिकेत विमान अपघातात गेला होता. त्याच्या अस्थी १९८७ मध्ये मायदेशी आणल्या गेल्या. खाई दिन्हच्या समाधीनंतर त्याच दिवशी तिथेही जाऊन यावे.

ह्वेची ही सर्व स्मारके १९९३ पासून जागतिक वारशात आहेत. राजनगराला युद्धांची झळ फार बसली. खाई दिन्हचा कियेन त्रुंग राजवाडा १९४७ मध्ये फ्रेंचांशी झालेल्या लढाईच्या काळात नष्ट झाला आणि पुढे सत्तर वर्षे तिथे नुसता चौथरा होता. जुने फोटो आणि अवशेष यांच्या आधाराने तो पुन्हा उभारला गेला आणि २०२४ मध्ये लोकांसाठी उघडला. त्याच्या दर्शनी भागावरचे ड्रॅगन आणि फुले पुन्हा चिनी मातीच्या तुकड्यांनी जडवली आहेत. या खेपेला ते काम ह्वेच्या आजच्या कारागिरांनी केले.